मुद्रांक घोटाळ्याची खरी किंमत कोणी मोजली?

भाडेकरार असो, खरेदीखत असो, बँकेचे कर्जरोखे असोत किंवा भावाभावांमधले वाटणीपत्र, आपल्याकडे कोणताही महत्त्वाचा व्यवहार कागदावर आणायचा म्हटला की आधी स्टँप पेपरची चौकशी होते. कायद्याच्या भाषेत याला मुद्रांक म्हणतात. बहुतेकांना तो एक नाइलाजाचा खर्च वाटतो. पण भ्रष्टाचार आणि संघटित गुन्हेगारी एकत्र आल्यावर देशाची अर्थव्यवस्था आणि लोकांचा विश्वास कसा पोखरला जातो, हे समजून घ्यायचे असेल तर या कागदाइतके चांगले उदाहरण महाराष्ट्राला शोधूनही सापडणार नाही. १९९० च्या दशकात सुरू झालेला आणि २००१ ते २००३ या काळात उघडकीस आलेला अब्दुल करीम तेलगीचा बनावट मुद्रांक घोटाळा बहुतेकांच्या स्मरणात एका माणसाची आणि काही हजार कोटींची गोष्ट म्हणून उरला आहे. माझ्या मते त्यातली मुख्य गोष्ट वेगळी आहे. या घोटाळ्यात ज्यांनी लाच घेतली त्यांच्या हाती तुलनेने किरकोळ रकमा आल्या, मात्र समाजाने मोजलेली किंमत त्याच्या शेकडो पटींनी मोठी होती आणि तिचा काही भाग आपण आजही मोजत आहोत.

मुद्रांक नेमके काय काम करतो, हे आधी पाहिले पाहिजे. त्याचे पहिले काम कर गोळा करण्याचे आहे. १८९९ चा भारतीय मुद्रांक कायदा आणि १९५८ चा महाराष्ट्राचा मुद्रांक कायदा यांच्यानुसार ठरावीक व्यवहारांवर शुल्क द्यावे लागते, आणि हे शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते. महाराष्ट्रासाठी हा उत्पन्नाचा फार मोठा स्रोत आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून २०२३-२४ या आर्थिक वर्षात राज्याला सुमारे ५० हजार कोटी रुपये मिळाले. दुसरे काम पुराव्याचे आहे. पुरेसे शुल्क न भरलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करून घेतला जात नाही. तुटीचे शुल्क आणि दंड भरल्यावरच तो वाचला जातो. याचा अर्थ असा की, मुद्रांकावर केलेल्या कराराच्या मागे राज्य उभे असते. उद्या समोरच्याने शब्द फिरवला तर न्यायालय हा कागद हातात घेईल, एवढी खात्री त्या कागदाबरोबर विकत घेतलेली असते. अनोळखी माणसांना एकमेकांशी मोठे व्यवहार करता येतात ते या खात्रीमुळेच, आणि आधुनिक अर्थव्यवस्था म्हणजे बहुतांशी अनोळखी माणसांचे व्यवहार.

हा कागद तयार होऊन आपल्या हातात येईपर्यंतचा प्रवासही समजून घेण्यासारखा आहे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, म्हणजे परिसरातल्या लोकांच्या तोंडी असलेल्या 'प्रेस'मध्ये, टपाल तिकिटे, पासपोर्ट आणि मुद्रांक छापले जातात. राज्ये आपली मागणी प्रेसला कळवतात, छापलेला माल बंदोबस्तात जिल्ह्यांच्या कोषागारांकडे जातो, कोषागारातून परवानाधारक मुद्रांक विक्रेता रोख पैसे भरून तो उचलतो आणि ठरावीक कमिशनवर ग्राहकाला विकतो. विक्री करताना त्याने नोंदवहीत अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि सही घ्यायची असते. कागदाचे डिझाइन, त्यावरचा जलचिन्हाचा ठसा, क्रमांकांची साखळी आणि नोंदवही या सगळ्यांचा उद्देश एकच असतो, की खोटा कागद शिरलाच तर तो कुठे शिरला हे कळावे. अशी साखळी तोडण्यासाठी फक्त चांगला छपाईवाला असून भागत नाही. प्रत्येक सांध्यावर डोळेझाक करणारा माणूस लागतो.

तेलगी मूळचा कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. १९९४ मध्ये त्याला मुंबईत मुद्रांक विक्रीचा अधिकृत परवाना मिळाला. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या संपूर्ण प्रकरणातला सर्वात स्वस्त आणि सर्वात महाग निर्णय हाच होता. परवाना मिळाल्यामुळे त्याच्या दुकानातील कागदाला सरकारी विश्वासाचे कवच मिळाले. ग्राहकाला शंका घेण्याचे कारणच उरले नाही. पुढे तपासात जी माहिती समोर आली, तिच्यानुसार प्रेसमधून भंगार म्हणून बाहेर पडलेली छपाई यंत्रे त्याच्यापर्यंत पोहोचली, खऱ्या कागदाशी हुबेहूब जुळणारे मुद्रांक छापले गेले आणि ते विकण्यासाठी शेकडो प्रतिनिधींचे जाळे उभे राहिले. हे प्रतिनिधी फुटपाथवर उभे राहून गिऱ्हाईक शोधत नव्हते. त्यांचा डोळा घाऊक खरेदीदारांवर होता: बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल. या संस्थांना दररोज मोठ्या संख्येने मुद्रांक लागत असत, त्यांना वेळेवर आणि थोड्या सवलतीत माल मिळाला तर हवाच होता, आणि एवढ्या गठ्ठ्यातला एकेक कागद तपासून पाहण्याची कुणाला सवड नव्हती.

आता थोडा हिशेब करू. समजा, दर्शनी किंमत एक कोटी रुपये असलेला खरा मुद्रांकांचा माल कोषागारातून वेळेवर बाहेर पडू नये, म्हणून कुणा कर्मचाऱ्याला दहा हजार रुपये दिले. बाजारात टंचाई निर्माण झाली आणि त्या जागी एक कोटीचा बनावट माल खपला. बनावट मुद्रांक छापण्याचा खर्च कागद आणि शाईपुरताच असल्याने जवळजवळ सगळी एक कोटीची रक्कम टोळीच्या खिशात गेली, आणि तेवढीच रक्कम राज्याच्या तिजोरीत जायची राहिली. लाच घेणाऱ्याला दहा हजार मिळाले, समाजाचे एक कोटी गेले. म्हणजे एका रुपयाच्या लाचेमागे हजार रुपयांचे नुकसान. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण गुणोत्तराचा मुद्दा खरा आहे आणि तो भ्रष्टाचाराच्या जवळजवळ प्रत्येक प्रकाराला लागू पडतो. पुलाच्या सिमेंटमध्ये भेसळ करू देणाऱ्या अभियंत्याला मिळालेली रक्कम आणि कोसळलेल्या पुलाची किंमत यांचेही नाते असेच असते. त्यामुळे 'सगळेच थोडेफार घेतात, त्याने एवढे काय बिघडते' हा आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा युक्तिवाद गणितातच चुकतो. लाचेची रक्कम हे नुकसानीचे माप नाही. लाच घेणारा स्वतःचा अधिकार विकतो, आणि तो अधिकार ज्या मोठ्या गोष्टीचे रक्षण करण्यासाठी दिलेला असतो, तिची किंमत त्याच्या खिशातून जात नसल्यामुळे तो अतिशय स्वस्तात विकू शकतो.

टंचाईचा उल्लेख वर ओझरता आला, पण तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे, कारण गुन्हेगारी प्रामाणिक व्यवसायाला बाजारातून कशी हुसकावून लावते ते तेथे दिसते. कल्पना करा, एका तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारा एक मुद्रांक विक्रेता आहे. तो नियमाप्रमाणे रोख भरतो, नोंदवही ठेवतो, ठरलेल्या किमतीत विकतो. कोषागारात माल नाही असे त्याला आठवडेच्या आठवडे ऐकावे लागते आणि त्याचे गिऱ्हाईक परत जाते. त्याच वेळी दुसऱ्या कुणाकडे हवा तेवढा माल असतो आणि तो सवलतही देतो. प्रामाणिक विक्रेत्याला अशी सवलत देणे शक्यच नसते, कारण त्याने खऱ्या कागदाची पूर्ण किंमत तिजोरीत भरलेली असते. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: धंदा बंद करणे किंवा 'तसला' माल घेणे. याला केवळ नैतिक घसरण म्हणून भागणार नाही; ही स्पर्धेची उलटी चाल आहे. निरोगी बाजारात चांगला माल देणारा टिकतो. भ्रष्ट बाजारात कायदा पाळणे हाच जास्तीचा खर्च ठरतो आणि तो खर्च उचलणारा मागे पडतो. एकदा ही चाल सुरू झाली की भ्रष्टाचाराला वाईट माणसांची गरज फारशी राहत नाही; साधी, पोटापाण्याच्या काळजीने वाकलेली माणसेही त्यात ओढली जातात.

ग्राहकाचे नुकसान याहून गुंतागुंतीचे होते. बनावट मुद्रांक घेणाऱ्याने पैसे पूर्ण मोजले होते. सरकारला मात्र एक रुपयाही मिळाला नव्हता. कायद्याच्या नजरेत तो दस्त शुल्क न भरलेला ठरू शकतो. म्हणजे ज्याची फसवणूक झाली त्याच्यावरच पुन्हा शुल्क आणि दंड भरण्याची पाळी येण्याचा धोका. व्यवहार त्यामुळे आपोआप रद्द होत नाही, हे येथे स्पष्ट करायला हवे. पण वाद न्यायालयात गेला तर विरोधी पक्षाच्या वकिलाला आक्षेपाचे एक तयार हत्यार मिळते. कर्ज बुडवणाऱ्यालाही ते मिळते. बँकेने वसुलीचा दावा लावला की तो म्हणू शकतो, ज्या कागदावर माझी सही आहे तो कागद मुळात खरा आहे का ते आधी तपासा. तपासणीसाठी कागद तज्ज्ञांकडे जाणार, तारखा पडणार, वसुली लांबणार, आणि जो धनको असे दोन-चार अनुभव घेईल तो पुढच्या कर्जदाराकडून जास्त तारण, जास्त जामीनदार आणि जास्त व्याज मागणार. पुढचा कर्जदार म्हणजे या सगळ्याशी काडीचाही संबंध नसलेला एखादा लहान कारखानदार किंवा शेतकरी. घोटाळ्याचा आर्थिक आघात अशा मार्गाने, कोणत्याही आरोपपत्रात न येता, दूरच्या माणसांपर्यंत पोहोचतो.

या घोटाळ्याची रक्कम किती, याबद्दल वर्तमानपत्रांत वेगवेगळे आकडे आले आणि ३० हजार कोटी रुपयांपर्यंतचे अंदाज सांगितले गेले. अंदाजांमध्ये एवढी तफावत का पडली, याचे उत्तर महत्त्वाचे आहे. जो माल पकडला गेला तो मोजता येतो. जो विकला गेला, तो मात्र देशभरातल्या लोखंडी कपाटांत, बँकांच्या तिजोऱ्यांत आणि न्यायालयांच्या फायलींत खऱ्या कागदांच्या शेजारी जाऊन बसलेला असतो. तो वेगळा काढायचा तर प्रत्येक कागद संशयाने पाहावा लागेल. बनावट नोटांच्या बाबतीत निदान नोट बँकेत येते आणि यंत्रातून जाते. खरेदीखत मात्र तीस-तीस वर्षे कपाटातून बाहेर येत नाही. खोटा कागद चांगला जमला असेल तर खऱ्या कागदाचाही भाव उतरतो, हेच विश्वासाच्या नुकसानीचे स्वरूप आहे.

आता पोलिस आणि न्याययंत्रणेकडे वळू, कारण लोकांच्या मनावर सर्वात खोल जखम तेथे झाली. नोव्हेंबर २००१ मध्ये तेलगीला अजमेरमध्ये अटक झाली. जून २००२ मध्ये पुण्यात बंडगार्डन पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि महाराष्ट्रातला तपास पुढे विशेष तपास पथकाकडे गेला. अण्णा हजारे यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि तपासावर न्यायालयाची देखरेख आली. कोठडीत असायला हवा असलेला आरोपी मुंबईत स्वतःच्या सदनिकेत आढळल्याची बाब तपासात पुढे आली, तेव्हा लोकांना मोठा धक्का बसला. काही पोलिस अधिकाऱ्यांना अटक झाली, त्यात अत्यंत वरिष्ठ पदावर काम केलेले अधिकारीही होते. यांतले काही पुढे न्यायालयातून दोषमुक्त झाले, आणि हे सांगणे तितकेच आवश्यक आहे. कारण ज्यांच्यावर आरोप सिद्ध झाला नाही त्यांच्या नावावर बसलेला डाग हेही अशा प्रकरणाने केलेले नुकसानच असते. मार्च २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे, सोपवला.

एखाद्या गुन्ह्याचा तपास एका पोलिस यंत्रणेकडून दुसऱ्या यंत्रणेकडे जातो, त्यावर न्यायालयाला लक्ष ठेवावे लागते आणि अखेर तो केंद्रीय संस्थेकडे पोहोचतो, तेव्हा सामान्य माणूस त्यातून काय शिकतो? तो शिकतो की तक्रार करायला जाण्याआधी समोरचा अधिकारी कोणाचा आहे हे पाहावे लागते. मग तो तक्रार करत नाही. जमिनीच्या वादात पोलिस ठाण्याऐवजी एखाद्या 'वजनदार' माणसाकडे जातो, कंत्राटाचे पैसे अडकले तर दिवाणी दाव्याऐवजी वसुली करून देणारे गाठतो. अशा प्रकारे राज्याने सोडलेली जागा गुन्हेगारच भरून काढतात आणि त्याची किंमतही वसूल करतात. भ्रष्टाचार आणि गुन्हेगारी या दोन वेगळ्या समस्या आहेत असे आपण समजतो, पण त्या एकमेकींना जगवतात: संघटित टोळीला संरक्षणासाठी विकाऊ अधिकारी लागतो, आणि अधिकाऱ्याच्या विकाऊपणाला सतत पैसा पुरवणारा धंदा लागतो.

शिक्षा झालीच नाही असे नाही. तेलगीला जानेवारी २००६ मध्ये ३० वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. जून २००७ मध्ये पुण्याच्या विशेष मोक्का न्यायालयाने त्याला १३ वर्षांची सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपयांचा दंड सुनावला. ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळूरुत त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २०१८ मध्ये, मुद्रांकांच्या चोरीसंबंधीच्या एका खटल्यात नाशिकच्या न्यायालयाने त्याला आणि इतर आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष ठरवले. मुख्य आरोपीच्या मृत्यूनंतर लागणारा निकाल बरोबर की चूक, हा येथे प्रश्न नाही. एवढा उशीर झाला की निकाल काहीही लागो, लोकांपर्यंत त्याचा अर्थ पोहोचत नाही. शिक्षेचा धाक तिच्या वर्षांच्या संख्येपेक्षा ती मिळण्याची शक्यता आणि वेळ यांवर जास्त अवलंबून असतो, आणि आपली व्यवस्था नेमकी या दोन बाबतींत कमी पडते.

दुरुस्तीचे काम मात्र झाले आणि ते मोठे होते. फ्रँकिंगचा, म्हणजे यंत्राने थेट दस्तावर शुल्काचा ठसा उमटवण्याचा, वापर वाढला. स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनला केंद्रीय नोंद ठेवणारी संस्था नेमून अनेक राज्यांत ई-स्टँपिंग आले. महाराष्ट्रात ग्रास या सरकारी भरणा प्रणालीतून ऑनलाइन चलन आणि शुल्क भरल्याचा पुरावा म्हणून बँकांमार्फत मिळणारी ई-एसबीटीआर पावती रूढ झाली. आज घर घेणारा माणूस लाखो रुपयांचे शुल्क बँक खात्यातून थेट भरतो, दुय्यम निबंधक तो क्रमांक संगणकावर तपासतो आणि एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा वापरता येऊ नये म्हणून तो निरस्त करतो. मोठ्या रकमेच्या कागदी मुद्रांकांवरचा भर यामुळे गेला, आणि विक्रेत्याकडे प्रामुख्याने १०० आणि ५०० रुपयांचे कागद उरले. मी या बदलाला खरे यश मानतो. येथे माणसाच्या सचोटीवर सगळा भार टाकण्याऐवजी खोटेपणा करणेच अवघड केले गेले.

तरीही उरलेला बोजा पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने मुद्रांक शुल्काची अभय योजना आणली. १९८० ते २०२० या काळातल्या दस्तांवरील तुटीचे शुल्क आणि दंड यांत तिच्यातून सवलत मिळाली, आणि जुन्या गृहसंस्थांमधल्या अनेक कुटुंबांना तिचा उपयोग झाला. मात्र कोऱ्या कागदावर किंवा बनावट मुद्रांकावर केलेले दस्त या सवलतीत बसत नव्हते. सरकारच्या बाजूने याचे कारण समजण्यासारखे आहे, कारण बनावट कागदाला सूट दिली तर बनावटगिरीला बक्षीस दिल्यासारखे होईल. पण १९९८ मध्ये आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलेल्या आणि कागद खरा समजून पूर्ण पैसे मोजलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर गुन्हेगाराच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनीही तो त्या गुन्ह्याचा दंड भरणाऱ्यांच्या रांगेत उभा राहू शकतो.

विद्यार्थ्यांचेही असेच आहे. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढताना जोडाव्या लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ मध्येच माफ केले होते. तरीही पुढची अनेक वर्षे कार्यालये १०० रुपयांचा स्टँप पेपर मागत राहिली आणि पालक तो आणून देत राहिले. साध्या कागदावरच्या माणसाच्या शब्दावर विसंबायला कार्यालय तयार नव्हते, आणि सरकारी आदेश दाखवून वाद घालायला पालक तयार नव्हता. दाखल्यांच्या हंगामात, जून महिन्यात, १०० रुपयांचा कागद ११० किंवा १२० रुपयांना विकला जाणे हे महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याने पाहिलेले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक प्रकारच्या दस्तांवरचे किमान शुल्क ५०० रुपये झाले, तेव्हा त्या एका कागदामागची वरची रक्कमही वाढण्याची सोय झाली.

या दहा-वीस रुपयांकडे मी दुर्लक्ष करू शकत नाही, कारण तेलगीची टोळी ज्या फटीतून आत शिरली ती नेमकी हीच होती: खऱ्या मालाची टंचाई, टंचाईमागचे कारण कुणालाही न सांगणारे कार्यालय, आणि जास्तीचे पैसे देऊन काम उरकण्याची सवय झालेला ग्राहक. ही फट बुजवायला नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. प्रत्येक जिल्हा कोषागारात आज किती मुद्रांक शिल्लक आहेत, कोणत्या विक्रेत्याने ते कोणत्या तारखेला उचलले आणि त्यांचे अनुक्रमांक कुठून कुठपर्यंत आहेत, एवढी माहिती रोज संध्याकाळी सार्वजनिक करावी, आणि विक्रेत्याची नोंदवही कागदावरून संगणकावर आणून अनुक्रमांक टाकताच कुणालाही पडताळता येईल अशी सोय करावी. ही माहिती आजही सरकारकडे आहे. ती फक्त कोषागाराच्या दारापलीकडे येत नाही.